पेठेतलं जुनं घर, हातात वीस हजार: दसरा-दिवाळीआधी काय काय होईल?

मंगळवारपेठकरीण

गणपती गेले. सणाला सोपा नीट दिसावा ही सासूबाईंची हौस, म्हणून घट बसायच्या आत घराला हात लावायचाच असं घरात ठरलंय. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढं सोपा (ओसरीसारखी पुढची खोली), त्यावर माडी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि छोटं परस. बाहेरच्या भिंती काळ्या दगडाच्या, आतल्या पांढऱ्या मातीच्या. माडीवर आणि माजघरावर मंगलोरी कौलं, स्वयंपाकघरावर पत्रा.

सोप्याच्या पश्चिमेच्या भिंतीला खाली कमरेपर्यंत पोपडे धरलेत आणि पांढरं पीठ सुटतंय. माजघरात दुपारी बारालाही दिवा लागतो. स्वयंपाकघरातली मोझॅक फरशी काळवंडलीय आणि ओट्याजवळच्या भिंतीवर बुरशी येते. सागवानी दारांवर ऑइल पेंटचे इतके थर आहेत की मूळ लाकूड कुणी पाहिलेलंच नाही. वस्तू ठेवायला जागा कमी.

एका रंगवाल्याला बोलावलं होतं. सगळीकडं पुट्टी, प्रायमर आणि प्लास्टिक पेंटचे दोन हात, असा हिशेब त्यानं दिला. तो आमच्या सगळ्या पैशांच्या दुपटीच्या वर जातो. मी आणि नवरा दोघंही हातानं काम करायला तयार आहोत, रविवार मोकळे आहेत. घर आम्हाला आवडतं, ते पाडून फ्लॅट करायचा नाही. सुरुवात कुठून करू?

करवीरकर

घर राखायचं म्हणताय हेच आधी आवडलं. पेठेत अशी घरं आता मोजकी राहिलीत. माजघराचं सोपं आहे, काचेची कौलं बसवा. बाकी जाणकार सांगतीलच.

रंगारी_पेठेचा

ताई, आमच्या घरात रंगकामाचाच धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सोप्याच्या त्या भिंतीला आत्ता पुट्टी किंवा प्लास्टिक पेंट अजिबात लावू नका. कुणी फुकट लावून देतो म्हटलं तरी नको.

कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. दगड-मातीची भिंत चार महिने पाणी पिते आणि पाऊस थांबला की ते हळूहळू हवेत सोडते. तिच्यावर पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की आतलं पाणी अडकतं. ते जिथं वाट मिळेल तिथून बाहेर पडतं आणि येताना भिंतीतले क्षार घेऊन येतं. तुम्ही पांढरं पीठ म्हणताय ते हेच, क्षार. पाणी वाळतं, क्षार रंगाच्या मागं साचून फुगतात आणि रंगाला ढकलून पाडतात. म्हणून खर्च करूनही पुढच्या पावसाळ्यात पोपडे परत येतात. खालच्या भागावर पूर्वी कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर आणखी वाईट, ओल त्यातून बाहेर पडत नाही आणि त्याच्या मागून वर चढते. कमरेपर्यंत म्हणताय म्हणून मला हीच शंका आहे.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. त्याला पैसे लागत नाहीत. पोपडे खरवडून घ्या, भिंत झाडा. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घेऊन चारी कडा चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. मग बघा, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, थेंब आलेत का बाहेरच्या बाजूला. आत असतील तर ओल भिंतीतून येतेय. बाहेर असतील तर घरातली वाफ गार भिंतीवर बसतेय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक एकाच डब्यातल्या रंगानं दोन्ही बरं करायला जातात.

सोप्यात एक तुकडा लावा आणि स्वयंपाकघरात एक. दोन्हीचं काय होतं ते इथं लिहा. तोवर बाहेरून भिंतीच्या जोत्यापाशी जाऊन बघा: पन्हळ गळते का, पागोळीचं पाणी जोत्यावर उडतं का, शेजारच्या बोळात माती जोत्याच्या वर चढलीय का.

पेठेतली_काकू

रंगारी भाऊ बरोबर बोलला. आमच्या घरी चुन्याशिवाय काही लावत न्हवते. मी अजून माजघराला चुनाच लावतो. श्वास घेती भिंत त्यानं. पोरं म्हणत्यात कपड्याला लागतंय, तर म्हटलं टेकून बसू नका की.

इचल_सूत

पडद्यांचं मी सांगते. इचलकरंजीत माझं माहेर आहे, घराच्या मागं यंत्रमाग खडखडत असायचे, त्यामुळे कापडाचा हिशेब डोक्यात पक्का आहे.

नवे पडदे विकत घेऊ नका. कपाटात न नेसलेल्या सुती साड्या असतात, त्या काढा. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्ना पंचेचाळीस इंचांच्या आसपास. साडेचार फूट उंचीच्या खिडकीला वरची-खालची दुमड धरून साडेपाच फुटाचा तुकडा लागतो, म्हणजे एका साडीत तीन तुकडे निघतात. पडदा खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट रुंद असला तरच त्याला चुण्या पडतात आणि तो भरदार दिसतो. चार फुटी खिडकीला दोन तुकडे घेतले की जवळपास दुप्पट होतात. पदर असलेला तुकडा दाराला ठेवा.

कापण्याआधी साडी गरम पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवल्यावर आटलं तर पडदा वर राहतो. मागून मांजरपाटाचं अस्तर लावा. साडी उन्हानं विरत नाही आणि रंगही टिकतो. मांजरपाट आमच्याकडं वजनावर कटपीसमध्ये मिळतं, अस्तराला जोड चालतो. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीच्या वर वीतभर आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर काढा. पडदा बाजूला सारला की सगळी काच मोकळी होते आणि खोलीत उजेड जास्त येतो. जुन्या घरांच्या खिडक्या लहान असतात, त्यांना याचा फार फायदा.

मंगळवारपेठकरीण

@इचल_सूत, साड्यांचा अख्खा पेटारा आहे. सासूबाईंना विचारलं, त्यांनी स्वतःच चार काढून दिल्या. @रंगारी_पेठेचा, प्लास्टिक दोन्हीकडं लावलंय. बोळ बघायला नवऱ्याला पाठवते.

राजारामपुरी_भाड्याने

माझा फ्लॅट भाड्याचा आहे. मालकांनी खिळासुद्धा मारायचा नाही असं सांगितलंय. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

करवीरकर

दिवे बदला. खोलीत एकच पांढराशुभ्र एलईडी छताला असतो, त्यानं सगळं सपाट आणि रुक्ष दिसतं. दिव्याच्या खोक्यावर रंगाचं तापमान लिहिलेलं असतं: ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, २७०० किंवा ३००० के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. कामाच्या जागी पांढरा असू दे, बसायच्या जागी पिवळा. छताच्या एका दिव्याऐवजी कोपऱ्यात खाली दोन लहान दिवे ठेवून बघा. नऊ वॅटचा एलईडी साधारण जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड देतो, त्यामुळे बिलाची काळजी नाही. दिव्याला टोपी कुंभाराची. बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत लहान मडकं घ्या, भाजण्याआधी बुडाला आणि अंगाला भोकं पाडून मागा. भाजलेल्याला नंतर भोक पाडायला गेलं की तडकतं. गणपतीचा हंगाम संपला की त्यांना निवांतपणा असतो, सांगितलं तसं करून देतात.

पेठेतली_काकू

भाड्याच्या घरात वाकळ घाल की सोफ्यावर. जुन्या लुगड्यांची वाकळ. तिच्यापुढं दुकानातलं सोफा कव्हर काहीच न्हाई. आमच्या गावाकडं बायका अजून शिवून देत्यात, कापड तुमचं, दोरा तुमचा. किनारीपासून आत आत धावदोरा घालत येत्यात. वर्षातनं दोनदा कडक उन्हात टाकायची.

उद्यमनगरी

मी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. जागा कमी आहे म्हणताय, तर प्लायवुडचं कपाट करू नका, दोन कारणांनी. एक तर खर्च. दुसरं, ओल असलेल्या भिंतीला प्लायवुड टेकलं की मागनं फुगतं आणि वाळवीला आमंत्रण.

एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून घ्या आणि त्यावर फळ्या टाका. आमच्याकडं मोठ्या ऑर्डरीतून दोन-तीन फुटांचे तुकडे उरतात, ते भंगारात वजनावर जातात. एखाद्या शेडवाल्याला विचारलं तर त्याच दरात मिळतील, वेल्डिंगचे पैसे वेगळे. पाइप भिंतीपासून दोन बोटं पुढं राहील असा बेत करा, मागं हवा खेळली पाहिजे. रेडॉक्साइडचा हात आधी, मग रंग. पायाला रबरी टोप्या घाला, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग पडतात.

फळ्यांना मशिनच्या पेट्यांचं पाइन लाकूड चालतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही मशिन आलं की पेटी मोकळी पडते. परदेशातून आलेल्या पेटीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात एचटी अशी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घरात घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात नको. तेलाचे किंवा कसल्या रसायनाचे डाग असलेली फळीही नको. स्वयंपाकघरात मात्र लाकूड नकोच, कडप्पा टाका. पाणी, वाफ लागली तरी तो फुगत नाही आणि जुन्या ओट्याचे तुकडे स्वस्तात मिळतात.

नदीकाठी

उद्यमनगरी यांच्या लोखंड-कडप्पाला माझं पूर्ण अनुमोदन. आमच्या गल्लीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. प्लायवुड आणि एमडीएफचं सगळं फुगून फेकावं लागलं. कडप्पाची मांडणी, लोखंडी कॉट, सागवानी पेटी धुऊन पुसून परत वापरात आली. आता आमच्याकडं जमिनीपासून चार फुटांच्या खाली एकही प्लग नाही. सगळे बोर्ड वर घेतले, वायरी वरून खाली आणल्या. पूररेषेच्या जवळ राहणाऱ्यांनी सजावटीआधी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

आणि पुराच्या भिंतीबद्दल एक. वरून कोरडी दिसली तरी जाड भिंत आतून वाळायला महिने लागतात. आम्ही चिखल धुऊन गिलावा तसाच उघडा ठेवला, खिडक्या उघड्या, पंखे चालू. रंग लावायचा तो उन्हाळ्यात.

मंगळवारपेठकरीण

प्लास्टिकचा निकाल आला. सोप्यात भिंतीकडच्या बाजूला चक्क पाणी उतरलंय. स्वयंपाकघरात मात्र आतली बाजू कोरडी आणि बाहेरून थेंब.

बोळात बघितलं तर दोन गोष्टी दिसल्या. माडीच्या पन्हळीचा एक जोड उघडलाय, पाणी सरळ जोत्यावर पडतं. आणि बोळात कधीतरी सिमेंट ओतलंय, त्याचा उतार नेमका आमच्या भिंतीकडं आहे. आता?

रंगारी_पेठेचा

मग तुमचे निम्मे पैसे इथंच वाचले म्हणा. पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावून पन्हळीचा तेवढा भाग बदला आणि खाली पीव्हीसी पाइप जोडून पाणी गटारापर्यंत न्या. बोळातलं सिमेंट भिंतीलगत वीतभर फोडून उतार उलटा करा, शेजाऱ्यांना विचारून. एका गवंड्याचं दिवसाचं काम आहे. हे झालं की भिंत वाळायला लागेल, पण दसऱ्यापर्यंत नाही वाळणार. सासूबाईंना तसं स्पष्ट सांगा.

त्यांची हौस राखायची तर त्या भिंतीला चुना द्या. चुना ओल अडवत नाही, ती बाहेर जाऊ देतो. म्हणून ओल्या भिंतीवरही तो चालतो, आणि पडला तर पावडर होऊन पडतो, पोपडे धरत नाही. एक अट आहे: खाली डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट असेल तर आधी पूर्ण खरवडायचं. त्यावर चुना धरत नाही.

पद्धत अशी. कळीचा चुना घ्या, पुड्यातली पावडर नको. एका किलोला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडी थोडी चुनकळी सोडायची. उलटं करायचं नाही. चुनकळी पाण्यात पडली की उकळते आणि उडते, डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच, पोरांना लांब ठेवा. प्लास्टिकची बादली वितळते, ती वापरू नका. चोवीस तास मुरू द्या, मग जाडसर कापडातून गाळून घ्या. गाळलेल्या दहा लिटर चुन्याला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. नीळ किलोला तीन ग्रॅमच्या वर नको, जास्त झाली की भिंत निळी दिसते.

भिंत आदल्या दिवशी झाडून घ्या आणि लावताना पाणी शिंपडा. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा परत उभा, आणि प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. ओला चुना पारदर्शक दिसतो, म्हणून लोक घाबरून जाड थर देतात आणि तो चिरतो. पातळच लावा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पांढरा आणि टणक होत जातो. रंग हवा असेल तर काव किंवा पिवळी माती घाला. खनिज रंगच चुन्यात टिकतात, बाकीचे उडतात.

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी. तिथं वाफ बसतेय, भिंत चांगली आहे. ओट्याच्या वर एक्झॉस्ट फॅन बसवा किंवा पत्र्याखालची जुनी जाळी मोकळी करा. बुरशी ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्यानं पुसा, खिडकी उघडी ठेवून. त्यात किंवा त्याच्या आगेमागे ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काहीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. भिंत पूर्ण वाळली की तिथं साधा डिस्टेंपर चालेल.

जुनं_लाकूड

वाचनखूण साठवली. दारांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. सागवानी दार आज नवं करायचं म्हटलं तर तुमचे सगळे पैसे एका दारात जातील, आणि तुमच्याकडं ती आहेत.

पण जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम केली, ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि घासलेली धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. रंग काढायचं रसायन लावून, थर मऊ पडला की पत्र्यानं उतरवा. उरलेलं वॉटर पेपर ओला ठेवून घासा. खाली वर्तमानपत्रं, तोंडाला चांगला मास्क, मुलं घराबाहेर. निघालेला चोथा पिशवीत बांधून टाका, परसात टाकू नका.

लाकूड उघडं झालं की मोकळ्या हवेत वाळवा. बारीक भोकांतून भुसा पडत असेल तर टाकणखार गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन वेळा लावा, उघड्या लाकडात तो मुरतो आणि कीड मरते. शेवटी जवसाचं उकळलेलं तेल (दुकानात तयार मिळतं ते, घरी उकळायचं नाही) फडक्यानं चोळून लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सागाचा रंग असा उजळतो की परत रंगवावंसं वाटत नाही. ते तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

एकदम सगळी दारं काढू नका. पुढचं दार करा, बाकीची पुढच्या वर्षी.

चपलेची_गल्ली

ड्रॉवरला आणि कपाटाला मूठ हवी असेल तर चामड्याची पट्टी लावा. आमच्याकडं सुभाषनगरात चपला करताना तळव्याच्या चामड्याचे लांबट तुकडे उरतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं, वापरून आणखी चांगलं दिसतं. बोटभर रुंद पट्टी, मध्ये दुमडून, दोन भोकं, एक पितळी स्क्रू. वर्षातनं एकदा एरंडेलाचा हात. ओल्या भिंतीच्या जवळ नको, बुरशी धरते.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. फरशीचं राहिलं. शेजारच्या ताई म्हणतात संडासाचं ॲसिड टाकून घासलं की चकचकीत होते.

रंगारी_पेठेचा

नको! मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराच्या चिपा असतात, ॲसिड दोन्ही खातं. त्या दिवशी स्वच्छ दिसते, मग खडबडीत होऊन दुप्पट मळ धरते. शहाबादी फरशीचंही तेच, तो चुनखडीचाच दगड. तिच्यावर लिंबूसुद्धा टाकू नये. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ताठ ब्रशनं घासा, तेलकटपणा निघतो. मग साध्या पाण्यानं दोनदा धुवा. एवढ्यानंच पुष्कळ फरक पडेल. चमकच हवी असेल तर पुढं कधी पैसे आले की मशिनची घासाई करून घ्या.

नदीकाठी

एक विनंती. वीस हजारांतले थोडे वायरमनसाठी बाजूला ठेवा. जुन्या घरात ओली भिंत आणि जुनी वायर एकत्र असते. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, स्वतः नाही.

उद्यमनगरी

+१. आणि पत्रा गळत असेल तर बहुतेक वेळा पत्रा फुटलेला नसतो, पत्रा धरून ठेवणाऱ्या इंग्रजी ‘J’ आकाराच्या हुकच्या खालचा वॉशर गेलेला असतो. वॉशर बदलले की काम होतं. वर डांबर ओतत बसू नका. पत्र्यावर चढताना हुकाच्या रेषेवरच पाय द्या, खाली लोखंड तिथंच असतं. उन्हाळ्याआधी वरून पांढरा रंग मारा, दुपारच्या स्वयंपाकाला फरक जाणवेल. आतून बुरुडाकडचे बांबूचे तट्टे लावले तर दिसायलाही सुंदर, फक्त शेगडीच्या वर आणि वायरींजवळ नकोत.

मंगळवारपेठकरीण

धागा वर काढतेय. घट उद्या बसतायत.

पन्हळ बदलली, पाइप गटारापर्यंत गेला. बोळातलं सिमेंट शेजाऱ्यांनी स्वतः उभं राहून फोडून घेतलं, त्यांच्याही भिंतीला ओल होती. सोप्याच्या भिंतीला चुन्याचे तीन हात झालेत. खालच्या वीतभर भागात अजून ओलसर डाग दिसतो, तो तसाच ठेवलाय. फेब्रुवारीत परत प्लास्टिक लावून बघणार आणि मगच पुढचा विचार. सासूबाईंनी चुन्यावर खालून कावेचा पट्टा ओढला, त्यांच्या माहेरी असायचा तसा. देवघराच्या बाजूला चुना, काव आणि रंग उतरवलेलं सागाचं दार एकत्र इतकं छान दिसतंय की पाहुणे आधी तिथंच थांबतात. वायरमन येऊन गेला, आरसीसीबी बसला. लोखंडी मांडणी दिवाळीनंतर.

माजघरात चार काचेची कौलं बसवली. आता संध्याकाळी पाचपर्यंत दिवा लागत नाही. मुलगा अभ्यासाला तिथंच बसतो.

पेठेतली_काकू

काव ओढली ते लई बेस केलं. काचेची कौलं कुठं मिळाली गं? मलाबी दोन पाहिजेत.

मंगळवारपेठकरीण

काकू, जुन्या घरांचं सामान विकणाऱ्याकडून. जाताना तुमच्या घरातलं एक कौल सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा वेगळ्या असतात. पहिल्या दुकानातलं कौल आमच्या खाचेत बसतच नव्हतं, दुसऱ्याकडचं अगदी जुळलं. बसवायच्या आधी खालच्या रिपा कुजल्यात का तेही बघून घ्या.